होडीच्या पेटीचं रूट कॅनाल

"हात्तिच्या! यात काय आहे? आठवड्यात करून दाखवतो!"

दाताचे डॉक्टर असं म्हणाले की घरातली माणसं हातातलं काम सोडून वस्तू लपवायला लागायची. मिक्सर याच वाक्याने गेला होता. पंखाही. शेजाऱ्यांची दारावरची घंटा तर बिचारी परकी होती, तीही गेली!

या खेपेला पाळी होती होडीची. डॉक्टरांची एक लहानशी शिडाची होडी होती. जीव की प्राण! दवाखान्यात दातांच्या तक्त्याशेजारी तिचा फोटो टांगलेला असायचा. होडीत बाकाखाली बर्फाची पेटी होती, म्हणजे वरून झाकण असलेला एक खोल खड्डा. सकाळी त्यात बर्फाची लादी टाकायची. दुपारपर्यंत तिचं पाणी व्हायचं, त्यात ब्रेड पोहायचा, लोणी बुडायचं आणि डॉक्टरीणबाई भडकायच्या.

शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. "रविवारी माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा येतायत. भर दुपारी मला होडीवर गार पाणी मिळालं तर ठीक. नाहीतर विकायची ती! गिऱ्हाईक तयार आहे."

गिऱ्हाईक म्हणजे खुद्द साडू. त्याचं फ्रिजचं दुकान होतं आणि होडीवर केव्हापासून डोळा होता. तरी माणुसकी म्हणून फोन केला त्याने. "दादा, माझा माणूस पाठवू? पेटीला मशीन बसवून देईल."

"काही गरज नाही! आख्खा जन्म मी पोकळ्या भरण्यात घालवलाय!"

मशीन मात्र डॉक्टरांनी झकास बसवलं, खोटं कशाला बोला! कॉम्प्रेसर कपाटात, गार होणारी प्लेट पेटीच्या आतल्या भिंतीवर, आणि वायरी इंजिनच्या बॅटरीला. मग त्यांनी दात तपासायच्या आरशाच्या दांड्याने पेटीची भिंत ठोकून पाहिली. टक टक. पोकळ! दोन भिंतींमध्ये नुसती हवा. असा थंडावा टिकणार कसा?

"कीड लागलीय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "भरावी लागेल."

त्यासाठी शनिवारी संध्याकाळी त्यांनी फोम आणला. दोन डब्यांतली रसायनं एकत्र केली की फुगतो तसला. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं, पोकळी अर्धीच भरा आणि भरण्यासाठी पाडलेली भोकं उघडी ठेवा. डॉक्टरांना हसूच फुटलं. "अर्धी? असं फिलिंग केलं तर पेशंट दुसऱ्या दिवशी दारात भांडायला येईल!" त्यांनी काठोकाठ भरलं, दाबून भरलं, भोकं बुजवली, वरून घासून गुळगुळीत केलं. सवयीने पेटीला "दोन तास काही खाऊ नका" असंही सांगितलं. मग मशीन चालू करून, शीळ घालत घरी गेले.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी झाकण उघडलं. आतली भिंत फोडून फोम बाहेर आला होता. पिवळा, टम्म! आख्खी पेटी त्याने गिळली होती. गार प्लेट कुठेतरी त्याच्या पोटात गाडली गेली होती आणि कॉम्प्रेसर रात्रभर इमानेइतबारे फोम गार करत बसला होता!

डॉक्टरांनी हत्यारांची पिशवी काढली. टोकरलं, कोरलं, घाम गाळला. जेमतेम एक बाटली मावेल एवढा खड्डा झाला, तोच धक्क्यावरून हाक आली. "दादा! आलो हो!" बाटली कोंबून त्यांनी झाकण लावलं.

वारा बरा होता, शीड उभारून होडी निघाली. ऊन चढलं. साडू आरामात पाय पसरून बसला.

"काय दादा, पाणी?"

"होतंय, होतंय! घाई नको."

"होऊ द्या की! मी आपला बघतोय. हे बाक उखडून टाकीन म्हणतो. आणि रंग लाल देईन."

डॉक्टरांनी बाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. लाल! त्यांचा चेहरा पाहून साडू खो खो हसला. डॉक्टरीणबाईंना ते मुळीच आवडलं नाही. आपल्या नवऱ्याला हसायचा हक्क त्यांचा होता, धाकटीच्या नवऱ्याचा नव्हे!

"आणा ती बाटली," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी झाकण जेमतेम उचलून बाटली काढून दिली. बाईंनी एक घोट घेतला. क्षणभर त्यांचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई गं! दाढेत कळ गेली! काय गार आहे!"

डॉक्टर आ वासून बघत राहिले. साडूचा चेहरा पडला. "बघू ताई, मलाही घोटभर!" त्याने हात पुढे केला. बाईंनी बाटली जी तोंडाला लावली, ती शेवटचा थेंब संपेपर्यंत खाली घेतलीच नाही. लिटरभर पाणी! गट गट गट!

"संपलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "होडी विकायची नाही! कळलं?"

डॉक्टरांना भरून आलं. ते बाईंचा हात धरायला जवळ सरकले, तेवढ्यात त्या दातओठ खात कानात कुजबुजल्या. "कोमट होतं! आणि रबरासारखा वास. आता होडी किनाऱ्याला घ्या. लगेच!"

"का गं? मळमळतंय?"

"लिटरभर प्यायलेय मी! होडीवर संडास आहे का तुमच्या?"

नव्हता. डॉक्टरांनी वर पाहिलं. वाऱ्याचा पत्ता नव्हता, शीड लोंबत होतं. त्यांनी धावत जाऊन इंजिनची किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक. रात्रभर फोम गार करून बॅटरी केव्हाच मेली होती!

मग काय, एक वल्हं डॉक्टरांनी घेतलं आणि दुसरं साडूच्या हातात दिलं.

"एवढी कसली घाई, दादा?"

"तू मार रे मुकाट्याने!"

डॉक्टरीणबाई पायावर पाय घट्ट आवळून धक्क्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. अर्धं अंतर कापल्यावर डॉक्टर लाडीगोडीने म्हणाले, "अगं, पुढच्या आठवड्यात संडास बसवूनच टाकू होडीवर. हात्तिच्या! त्यात काय..."

"तुम्ही हात लावायचा नाही!" बाई ओरडल्या. "त्याला त्याचा माणूस पाठवू दे!"