लागू नसेल ते खोडा

नोंदणी कार्यालयाचे हेडक्लार्क वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी स्वतःच्या लग्नाचा अर्ज भरायला बसले, तेही स्वतःच्याच खिडकीच्या बाहेर. आत त्यांच्या हाताखाली तयार झालेली कारकून मुलगी होती. बाकावर त्यांची ताई रुमाल काढून रडण्याच्या तयारीत बसली होती. तिच्या शेजारी वधू, म्हणजे शाळेत भूमिती शिकवणाऱ्या बाई.

तिरकी रेघ म्हणजे हेडक्लार्कांचा जीव की प्राण. तारखेत ती, फायलीच्या नंबरात ती, घर क्रमांकात ती, आणि 'व/किंवा' लिहिताना तर तिच्याशिवाय पान हलत नसे. बत्तीस वर्षं ते खिडकीतून एकच सांगत आले होते, "लागू नसेल ते तिरक्या रेघेने खोडा." लोक नेमकं लागू असेल तेच खोडत आणि अर्ज घेऊन परत जात. बाईंची ओळखही अशीच झालेली. पत्ता बदलण्याच्या अर्जात त्यांनी तीनदा भलतीकडे रेघ मारली आणि हेडक्लार्कांनी तीनदा अर्ज परत केला. तिसऱ्यांदा मात्र समजावून सांगायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला होता.

आजचा अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत झकास उतरला. 'विधुर' ठेवून बाकीचं खोडलं. मग आलं, 'या विवाहास माझी संमती आहे/नाही.' तेवढ्यात बाई वाकून म्हणाल्या, "अक्षर किती छान हो तुमचं!"

हेडक्लार्क सुखावले आणि हात आपोआप चालला. अर्ज तपासताना बरोबर दिसेल त्यावर एक छोटी तिरकी रेघ ओढायची, ही बत्तीस वर्षांची सवय. 'आहे' बरोबर होतं. त्यांनी त्यावर ठसठशीत रेघ ओढली.

मुलीने अर्ज वाचला. "साहेब, तुमची संमती नाहीये."

"काय?"

"मला वाटलंच होतं!" ताईने रुमाल डोळ्यांना लावला. "आयत्या वेळी कच खातो हा. पोहायला शिकायला गेला, तो कोरडाच घरी आला होता!"

"ताई, गप्प बस. अगं, चुकून झालं. बाजूला सही करतो."

"खाडाखोड चालत नाही, साहेब." मुलीने वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीखाली सही हेडक्लार्कांचीच होती.

"मग नवा फॉर्म दे."

"परत केलेला अर्ज तीस दिवसांनी. लोकांना नीट रेघ मारायची सवय लागावी म्हणून तुम्हीच नियम केलात."

"आणि खुलासा लिहून दिला तर?"

"तो तर लागेलच, पण नव्या अर्जासोबत, तीस दिवसांनी. आणि त्याच्या शेवटी 'चूक मान्य आहे/नाही' असं आहे." मुलगी जरा घुटमळली. "तो मी भरू का?"

हेडक्लार्क मटकन बाकावर बसले. त्यांना खरोखरच भीती वाटली. अकरा वर्षं एकट्याने जेवलेल्या माणसाला तीस दिवस फार वाटतात. तेवढ्यात बाईंचं मन बदललं तर?

"थांबाल ना महिनाभर?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"न थांबायला काय झालं? पत्त्याच्या अर्जाला मी तीन महिने थांबले होते."

"हो, माझ्याच नियमामुळे. माफ करा. पण तुम्हीही तीन-तीनदा चुकीच्या ठिकाणी रेघ..."

बाईंनी अर्जाची नीट चौकोनी घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"अहो, वीस वर्षं भूमिती शिकवतेय मी. रेघ कुठे मारायची ते मला कळत नाही, असं खरंच वाटलं तुम्हाला?"

हेडक्लार्क कानापर्यंत लाल झाले. ताईने रुमाल पिशवीत टाकला. आतल्या मुलीने खिडकी हळूच लावून घेतली, खरं तर जेवणाच्या सुट्टीला अजून अर्धा तास होता.