दाऊदभाईंचे वकीलसाहेब

"आमचे साहेब काल फिलाडेल्फियाला पोचले. घोडा मात्र लंगडतोय," दाऊदभाई मला पहिल्याच भेटीत म्हणाले.

जेद्दाच्या बलद भागातल्या एका जुन्या इमारतीत मी नुकताच राहायला आलो होतो. मला वाटलं, यांचं कुणी अमेरिकेत असेल. आपुलकीने विचारलं, "व्हिसा कुठला आहे त्यांचा?"

"तेव्हा व्हिसा नव्हता."

साहेब म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचे एक अमेरिकन वकील, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. इंग्रज राजाविरुद्ध क्रांती झाली तिच्यातले ते पुढारी, पुढे देशाचे अध्यक्षही झाले. दाऊदभाई दापोलीकडचे. त्यांनीही वकिलीची सनद घेतली होती. पण तालुक्याच्या कोर्टात अशिलांपेक्षा कावळे जास्त. म्हणून ते सौदीत आले आणि यात्रेकरूंच्या हॉटेलात चादरी-टॉवेलांवरचे मुख्य झाले. येताना साहेबांचं एक जाडजूड चरित्र तेवढं आणलं. ते इतक्यांदा वाचलं, की साहेब आता त्यांच्या घरात असल्यासारखे वावरत.

संध्याकाळी समोरच्या लाकडी सज्ज्यांवर ऊन तांबूस व्हायचं, समुद्राकडून दमट वारा यायचा. दाऊदभाई गच्चीत खुर्ची टाकून डोळे मिटत आणि हळूच म्हणत, "बर्फ पडतोय." त्या उकाड्यात मीही क्षणभर कॉलर वर करायचो.

या स्वप्नातून ते एकदाच पुरते जागे झालेले मी पाहिले.

ईसा हा आमच्या इमारतीचा राखणदार. सुदानचा. खोलीत पाहुणा झोपला की हा मालकाला सांगणार, जिन्यात चपला दिसल्या की सांगणार. तो कुणालाच आवडत नसे. एका शुक्रवारी आम्ही नमाजाहून, बाजारातून परतलो तर गच्चीवरची टाकी वाहून पाणी जिन्याने खाली आलेलं. सगळ्यांच्या गाद्या भिजल्या होत्या.

"हे त्यानेच मुद्दाम केलंय," रफीक म्हणाला. हा आमच्यातला एसी मेकॅनिक. "मालकाला सांगू. खलास! जाऊ दे त्याला गावी."

सगळे हो म्हणाले. दाऊदभाई भिजलेली उशी पिळत होते. म्हणाले, "मी त्याचा वकील."

"दाऊदभाई, तुमचीही गादी भिजलीय!"

"इंग्रज शिपायांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. सगळं शहर त्या शिपायांच्या जिवावर उठलं होतं. त्यांची केस कुणी घेतली? आमच्या साहेबांनी. शहर त्यांचं स्वतःचं होतं, तरी."

गच्चीवर कोर्ट बसलं. दाऊदभाईंनी एकेकाला विचारलं, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?" कुणीच पाहिलं नव्हतं. मग मला टाकीवर चढवलं. टाकी भरली की पाण्यावर तरंगून नळ बंद करणारा गोळा असतो, तो दांडीपासून तुटून तळाशी पडला होता.

ईसाला आमच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं. शिक्षाच झाली असं समजून तो रडायला लागला. दाऊदभाईंनी अरबीत समजावलं, तेव्हा त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. दुसऱ्या दिवशी मात्र याच ईसाने, दाऊदभाईंनी कपडे वाळत घालायला बांधलेल्या दोरीची मालकाकडे तक्रार केली!

आमच्या मंडळींनी दाऊदभाईंना शुक्रवारच्या मच्छीला बोलावणं बंद केलं. ते खुब्ज, म्हणजे इथली रोटी, आणि डाळ एकटे खात. चेहऱ्यावर समाधान. "साहेबांचीही अशिलं तुटली होती," म्हणायचे.

मला ते बघवेना. एका शुक्रवारी मी त्यांना समुद्रावर घेऊन गेलो. पाणी अगदी स्वस्थ होतं. आभाळ कुठे संपतं ते कळत नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या घरून फोन आला. खैरुनभाभी स्क्रीनवर दिसल्या, मागे अंगण, बांधलेल्या बकऱ्या.

"कुठवर आलो होतो आपण?" भाभींनी विचारलं.

तेव्हा मला कळलं. दर शुक्रवारी हा माणूस बायकोला साहेबांची गोष्ट सांगत होता.

"साहेब देशाच्या कामासाठी युरोपात," दाऊदभाई म्हणाले. "बायको इकडे एकटी. शेती बघते, पोरं वाढवते. वर्षं चाललीत."

"हे मागच्या शुक्रवारी झालं. त्याच्या मागच्याही. पुढे?"

"पुढे... अजून वाचायचंय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर समुद्राकडे वळवली. त्यांच्या नोकरीत बायकोला इथे आणून ठेवायची सोय नव्हती, हे मला माहीत होतं.

भाभींनी फोन चेहऱ्याजवळ आणला. मग म्हणाल्या, "मला ठाऊक आहे पुढचं. आपल्या लेकीने, नाझियाने मोबाइलवर वाचून दाखवलं. ती बोटीत बसते, नि त्यांच्याकडे जाते. मी काही मागणार नाही हो. तुम्ही सांगा फक्त."

दाऊदभाई पुन्हा स्क्रीनकडे वळले. मग सांगू लागले: ती बोटीत कशी चढली, तिला बोट कशी लागली, दुधासाठी तिने सोबत गाय कशी नेली होती.

"गाय?" भाभी एकदम म्हणाल्या. "बोटीत?"

"हो."

"मग आपल्या बकऱ्याही मावतील."

दाऊदभाई हसले, अगदी मोठ्याने. मग फोन माझ्या हातात देऊन ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि मी भाभींना म्हणालो, "जरा थांबा हं, इथे वारा फार आहे."