चित्र्याच्या खांद्याला मध

अठ्ठावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात मी अक्षरं शिकलो, आणि तेव्हापासून जगातलं सगळं मला कळतं! निदान अठ्ठ्याण्णव सालच्या यात्रेपर्यंत तरी मला तसं वाटत होतं.

यात्रेला आठ दिवस उरले असताना गाड्याच्या जुवानं आमच्या चित्र्या बैलाचा खांदा सोलून काढला. शेजारच्या सयाजीचा हरण्या आणि आमचा चित्र्या यात्रेच्या शर्यतीत, घाटात एकाच गाड्याला पळायचे. सयाजी खांदा बघून म्हणाला, "गेणभाऊ, आठ दिसांत भरला तर ठीक. न्हाईतर मी डिंगोरे गावचा बैल आणतो!"

डिंगोऱ्याचा! माझ्या चित्र्याच्या जागी!

दुसऱ्याच दिवशी पेपरात बातमी दिसली. बोट ठेवून पानाच्या तळापर्यंत वाचली. मधमाशी मधात आपल्या तोंडातला असा काही रस मिसळते, की त्यातून जंतू मारणारं औषध तयार होतं. मोठ्या दवाखान्यांत जखमेला मध लावतात!

"कुशे, मधाची बाटली आण!"

"ती माझ्या खोकल्याला ठेवलीय," बायको म्हणाली.

"तुझा खोकला घाटात पळनार हाये का?"

रोज मध लावायचा, वर धुतलेलं फडकं बांधायचं. सातव्या दिवशी खांदा कोऱ्या पाटीसारखा! जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "झकास! पळवा बिनधास्त." सयाजीनं डिंगोऱ्याला नकाराचा निरोप धाडला.

इथं थांबलो असतो तर गावचा वैद्य झालो असतो. पण यात्रेच्या सकाळी वाटलं, जू पुन्हा घासायला नको. उरलेली अर्धी बाटली चित्र्याच्या खांद्यावर रिकामी केली.

आमची बारी आली. भंडारा उधळला, झेंडा पडला, आणि हरण्यानं मान वळवून चित्र्याचा खांदा चाटायला सुरुवात केली! चित्र्यानं डोळे मिटले. हळद लावून घेणारा नवरदेवच जणू!

"पळ की लेका!" सयाजी बोंबलला.

लाउडस्पीकरवाला म्हणाला, "मंडळी, बाकीचे गाडे बारा सेकंदांत गेले. ह्यो गाडा जेवून येतोय!"

घड्याळवाल्यानं घड्याळ खिशात घातलं.

डॉक्टर पोट धरून हसत आले. "अहो, भरलेल्या खांद्याला मध कशाला? पेपरातली ती बातमी मीही वाचली. त्यात लिहिलं होतं, जखम भरली की थांबा!"

"कुठं? मी तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचली!"

"उरलेली पान सातवर होती."

बातमी एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपते, हे वर्गात कुणी सांगितलंच नव्हतं!

आठवड्यानं सयाजी दारात आला. मी मान खाली घातली.

"डिंगोऱ्याचा बैल जुपून बघितला," तो म्हणाला.

"मग?"

"हरण्यानं त्याचा खांदा एकदा चाटला, आन् खालीच बसला. उठंना राव! चित्र्यालाच धाडा."

चित्र्याची जागा कायमची पक्की झाली. पळण्यासाठी नव्हे, चवीसाठी!