देवरीची खबर

वीज चमकली की दौलतकाका असतील तिथं थांबतात आणि आकडे मोजू लागतात. माझ्या मेहुणीला बघायला पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, "मुलगी कितवी शिकली?" तेवढ्यात खिडकीत लख्ख उजेड झाला. काकांनी बोट वर केलं, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले, आणि गडगडाट होताच ओरडले, "नऊ!" नऊ सेकंद, म्हणजे वीज तीन किलोमीटरवर पडली होती. पाहुण्यांना मात्र मुलगी बी.एस्सी. असल्याचं पटवायला अर्धा तास गेला.

काका केशोरीतले माझे शेजारी. बसचे कंडक्टर होते; काकू गेल्यापासून घरात एकटेच. एप्रिल-मेमध्ये दुपारचे ढग चढू लागले की त्यांच्या पायांना चैन नसते. ताट हातात घेऊन मागच्या अंगणातून पुढच्या अंगणात. "काका, बसून जेवा ना," म्हटलं की म्हणणार, "ढग का माह्यासाठी थांबून राहिला काय, गुरुजी?"

जिल्ह्यातल्या अशाच पंधरा-वीस वेड्यांचा त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप केलाय. वारा कुठून, गारा किती, वीज कुठं. कंडक्टरकीची सवय, त्यामुळे माणसाला नाव नाही, गावच. "गोंदिया झोपला काय?" असं ते फोनवर ओरडतात. गोंदिया म्हणजे भाताच्या गिरणीतला एक फोरमन. तो म्हणतो, "भैया, इधर तो धूप है." कोणी 'भरपूर पाऊस' लिहिलं की काका तापतात, "भरपूर मंजे किती? अंगनात बादली ठेव ना!"

बोलणी खायची नाहीत ती एकट्या देवरीनं. देवरीचे निरोप कोरडे ठाक: 'चार वाजता वारा. पाऊस नाही.' काका ते चष्मा लावून वाचत, पुसून पुन्हा वाचत. मला वाटायचं, कोणी जुना ड्रायव्हर असेल.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी गोंदियाकडून निरोप आला, "भैया, टीन उड़ गए, बड़े-बड़े ओले!" गारांचा ढग देवरीकडे सरकत होता. काकांनी लिहिलं, 'देवरी, आत राहा.' उत्तर नाही. फोन लावला, बंद. अंधार पडेपर्यंत ते आमच्या ओट्यावर चढत-उतरत राहिले.

"काऊन एवढा जीव टांगता, काका? लाईन गेली असेल."

"देवरी मंजे माही पोरगी हाय ना!" ते एकदम म्हणाले. मग खाली बसले.

सुमननं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून काकांनी तिला दाराबाहेर काढलं होतं. नऊ वर्षं झाली. काकूंच्या तेराव्यालाही दोघं बोलले नव्हते. काकांनी ग्रुप काढला तेव्हा कोणाकडून तरी तिचा नंबर मिळवला आणि त्यात टाकला. ती बाहेर पडली नाही. तेवढंच.

सकाळच्या पहिल्या बसनं मी त्यांच्याबरोबर देवरीला निघालो. सुमनच्या अंगणात कवेलूंचा, छपरावरच्या कौलांचा, खच पडला होता. जावई छपरावर होता, ती खालून कवेलू देत होती. आम्हाला पाहून तिचे हात थांबले.

काका फाटकाबाहेरच उभे राहिले. तिथूनच त्यांनी विचारलं, "गारा... किती वेळ पडल्या?"

"पंधरा-वीस मिनिटं."

काकांनी मान हलवली. खिशातला रुमाल काढला, परत ठेवला.

सुमननं फाटकाची कडी काढली. "उन्हात कायले उभे राहिले, बाबा? आत या."

काका आत गेले, पण घरात नाही. त्यांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि खाली वाकून शाबूत कवेलू वेगळी करू लागले. एक-एक उचलून ते लेकीच्या हातात देत होते.