मागच्या पानावर बाद

नागभीडजवळच्या त्या गावात दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतला कबड्डी सामना दरसाल मारामारीतच संपायचा, कारण कोण बाद आणि कोण नाही हे पंचालाही धड कळत नसे. म्हणून यंदा सरपंच इंदुताईंनी ठणकावून सांगितलं, पुस्तक म्हणेल तेच खरं. चंद्रपुराहून कबड्डीचा इतिहास, नियम आणि कौशल्यं सांगणारं जाडजूड पुस्तक मागवलं आणि निवृत्त वामनराव गुरुजींना पंच नेमलं.

गुरुजींचा एक बाणा होता. पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचायचं. मधेच उघडणारा माणूस त्यांच्या लेखी नापास. शिवाय प्रत्येक ओळीखाली ते पट्टीने रेघ मारत. सामन्याचा दिवस उजाडला तेव्हा स्वारी अजून इतिहासातच होती. नियमांचं प्रकरण बरंच पुढे होतं.

गावचा कप्तान हेमराज याला पुस्तकाशी देणंघेणं नव्हतं. शेजारगावचे देवराव आज त्याला पाहायला आले होते. त्यांच्या उर्वशीवर हेमराजचा जीव जडला होता, आणि देवराव हो म्हणतात की नाही हे आजच ठरणार होतं. ती स्वतःही पलीकडे बायकांत बसली होती. मैदानात चमकायचं आणि सोयरीक पक्की करायची, एवढंच बिचाऱ्याच्या डोक्यात.

तो छाती फुगवून पहिल्याच चढाईला गेला आणि शेजारगावाकडून खेळणारा देवरावांचा पुतण्या मुखरू याने त्याचा घोटा धरला.

"बाद! रेघेबाहेर बस," गुरुजी म्हणाले.

थोड्या वेळाने समोरचा एक गडी बाद झाला. हेमराज उडी मारून आत आला.

"कुठी चालला?"

"त्यायचा एक बाद झाला न, गुरुजी. मी जिवंत झालो."

गुरुजींनी पानावर बोट ठेवलं. "सारा संघ बाद होयेपर्यंत बाहेरच राहाचं. बस!"

"गेल्या साली तं असं नव्हतं!"

"गेल्या साली पुस्तक नव्हतं."

हेमराज बसला. गुरुजींनी पान उलटलं. तेवढ्यात मुखरू बाद झाला आणि मुकाट्याने बाहेर निघाला.

"तू काऊन जाऊन राह्यला? बाद झाला तरी मैदानातच राहाचं. नुस्ता गुण द्याचा."

"पन मी बाद झालो न, गुरुजी!"

"झाला न. खेळ मंग."

हेमराज बाहेरून ओरडला, "मंग मी काऊन बाहेर?"

"तू मागच्या पानावर बाद झाला, बापा."

यानंतर कोणीच बाहेर जाईना. पकडलेला गडी उठून पकडणाऱ्यालाच विचारू लागला, "आता मी काय करू?" त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी इंदुताईंनी येऊन पुस्तक हिसकावलं आणि दोन पानं वाचली.

"गुरुजी, हा तं इतिहास हाये! पयले लोक कसे कसे खेळत, ते एकेका पानावर लिवलं हाये. नियम पुढं हायेत."

"तिथवर मी पोचलो नाई अजून," गुरुजी शांतपणे म्हणाले.

मग व्हायचं तेच झालं. दोन्ही गावं एकमेकांवर धावली. मुखरूच्या बनियनची बाही एकाच्या हातात आली, पण तो एक कोणत्या गावचा हे कोणालाच सांगता येईना.

हेमराज तेवढा रेघेबाहेर बसून होता. सोयरीक हातची गेली म्हणून त्याला रडू येत होतं.

समोर देवराव येऊन उभे राहिले. "तू नाई गेला भांडाले?"

"गुरुजीनं बस म्हनलं होतं."

"अन उठाले?"

"कोनी म्हनलंच नाई."

देवरावांनी चोरून बायकांकडे नजर टाकली. मग शेजारी टेकत हळूच म्हणाले, "मले खेळातलं काई समजत नाई. पन उर्वशी तिच्या मायवर गेली हाये. तिची माय बस म्हनते, तं मीबी असाच बसतो. पोरगा पसंत हाये मले."

आनंदाने हेमराज ताडकन उठू लागला. देवरावांनी घाईघाईने त्याचा हात धरून खाली ओढलं.

"बस, बस. उर्वशी पाहून राह्यली."