‘कंटाळून’ खोडणारे मनोहरकाका

मंगळवारी माझे वडील गेले. गुरुवारी पेपरात बातमी आली: नेर येथील बंद कापूस जिनिंग कारखान्यातील कामगाराने बेकारीला कंटाळून जीवनयात्रा संपविली. बातमी आमच्या शेजारच्या मनोहरकाकांनी लिहिली होती.

वर्षभरात काकांनी वार्ताहरकी सोडली आणि लाल पेन घेतलं. रोज सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर पेपर उघडून ते एकच शब्द शोधत: कंटाळून. सापडला की खोडत. टपरीवाले बबनभाऊ वैतागत.

“काका, बातमी कोनाचीही असो, पेपर माहा आहे.”

“शब्द चुकीचा आहे, बबन.”

“मंग भजे बांधतो तवा खोडा ना. आधी गिऱ्हाइकाले वाचू द्या.”

कापसाचं सगळंच बिघडलेली ती वर्षं. तो शब्द रोज असे. काकांनीच मला एकदा सांगितलं होतं, बातमी फोनवर यायची: नाव, वय, गाव आणि कशाला तरी कंटाळून. आजाराला, नापिकीला, बेकारीला. आधीचा शब्द बदलायचा, कंटाळून तोच राहायचा. घरी आपण तो दोडक्याच्या भाजीसाठी वापरतो.

काकांसमोर मात्र तो उच्चारायची सोय नव्हती. एकदा काकू म्हणाल्या, “मी सयपाकाले कंटाळली.”

“सयपाकाले का सयपाक खानाऱ्याले? नीट सांग.”

“दोघायले. लिहा आता.”

काकांनी ताट पुढे ओढलं.

त्यांचं आणखी एक पालुपद होतं, “इचारलं काय त्याले?” बस उशिरा आली, ड्रायव्हर झोपला असेल, असं कोणी म्हटलं की, “इचारलं काय त्याले?” म्हैस रुसली म्हटलं तरी तेच. बबनभाऊ एकदा म्हशीपर्यंत जाऊन आले. “इचारलं. काही बोलली नाही.”

“मंग तसं सांग,” काका म्हणाले.

रविवारी ते सायकलला पिशवी अडकवून खेड्यांकडे जात. संध्याकाळी पिशवीत कोणीतरी दिलेल्या तुरीच्या शेंगा असत. कुठे गेलो होतो ते सांगत नसत. काकू माझ्या आईला म्हणत, “दुसरं घर केलं असन त तिले म्हना, याहिले तिकडंच ठेव.”

मला काकांना एक विचारायचं होतं. गेले त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी बाबांनी माझ्या सायकलची चेन बसवून दिली होती. मग मातीने हात घासून धुतले. कंटाळलेला माणूस चेन बसवतो का? आणि कंटाळलेच असतील, तर बेकारीलाच की आम्हालाही?

आमची मधली भिंत एकच होती. दारात रोज गाठ पडत होती. मी विचारलं नाही. आणि म्हशीचीसुद्धा चौकशी करायला लावणाऱ्या काकांनी आमच्याकडे बाबांचा विषय कधी काढला नाही.

मागच्या वर्षी काका गेले. तेराव्यानंतर काकूंनी एक फाइल आणून दिली. “पाह्य पोरी. तुले कळते कागदाचं.”

आत काकांच्याच बातम्यांची कात्रणं होती. प्रत्येकात कंटाळून लाल पेनने खोडलेलं आणि समासात बारीक अक्षर. रविवारी काका कोणाकोणाच्या घरी जात, ते आता कळलं. ‘त्या दुपारी शेळीला पाला आणून टाकला होता.’ ‘नातीला शाळेत सोडून आले.’ ‘बायको म्हणते, कंटाळणारा माणूस नव्हता.’

बाबांचं कात्रण सगळ्यांत खाली होतं. तो शब्द इतक्यांदा खोडला होता की तिथे कागद फाटला होता. समासात एकच वाक्य होतं, वेगवेगळ्या पेनांनी, एकाखाली एक, सात वेळा: ‘विचारले नाही.’

मी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं: सोमवारी मुलीच्या सायकलची चेन बसवली.

फाइल माझ्याकडे आहे.