संताचं नाक आणि चौथा मजला

माणूस निवृत्त होतो, पदवी निवृत्त होत नाही. आमच्या लिस्बनमध्ये ज्याला एकदा डॉक्टर म्हटलं तो मरेपर्यंत डॉक्टर, इंजिनियर तो इंजिनियर, आणि मी मासळीबाजारात तारलीचे कल्ले उघडून बघत असलो तरी राजदूतसाहेब. (मला नुसत्या नावाने हाक मारणारी शहरात एकच व्यक्ती आहे. तिच्याशी माझं लग्न झालं आहे.)

माझी कारकीर्द थोर होती, यात मला तरी शंका नाही. मी जिथे नेमणुकीवर होतो तिथे कधीही युद्ध झालं नाही. (जिथे झालं तिथून माझी बदली आधीच झाली होती.) मी आयुष्यात कुणाला 'हो' म्हटलं नाही, आणि 'नाही' तर मुळीच नाही. दोन पक्ष एकमेकांच्या नरडीवर उठले की खात्यातून मला बोलावणं यायचं. मग मी असं एक वाक्य घडवून द्यायचो, की दोघंही आपणच जिंकलो असं समजून सही करायचे आणि जेवायला जायचे. एकदा कॉड माशाच्या वाटणीवरून वाटाघाटी अडल्या. मी मसुद्यातून 'मासा' हा शब्दच काढला आणि तिथे 'सामायिक सागरी भावना' घातलं. टाळ्याच टाळ्या! मासे पकडणारे पकडत राहिले, ज्यांना मिळत नव्हते ते बोंबलत राहिले, मला पदक मिळालं. ते जेवणघरात सुपाच्या भांड्याशेजारी असतं आणि माझी बायको इदालिना दोन्ही एकाच फडक्याने पुसते.

अशा माणसाला इमारतीच्या रहिवासी सभेचा अध्यक्ष करणं ही चूक पदव्यांवर जीव टाकणारे लोकच करू जाणोत. आमच्या लोकांनी ती एकमताने केली.

सभेपुढचा प्रश्न गंभीर होता. चौथ्या मजल्यावर दोना फेलिझमिना, म्हणजे फेलिझमिनाबाई, राहतात. वय ऐंशीच्या पुढे, गुडघा एकच चालू, जीभ मात्र दोन माणसांची. आमच्या जिन्याच्या लाकडी कठड्याला वाळवी लागली होती. हिवाळ्यात त्याचा एक तुकडा बाईंच्या हातातच आला, तेव्हा उरलेला कठडा आम्ही मोठ्या तत्परतेने काढून टाकला. (धोका होता ना!) तेव्हापासून बाई वरच. पाव, बटाटे, औषधं, सगळं दोरीला बांधलेल्या टोपलीतून खिडकीने वर जातं. बाईंचं मागणं एकच. जूनमध्ये संत आंतोनीच्या संध्याकाळी गल्लीत तारल्या भाजतात, तेव्हा शेगडीपाशी खुर्ची टाकून बसायचं. नवरा त्यांना त्या शेगडीपाशीच भेटला होता. तो गेल्यावरही ती संध्याकाळ त्यांनी कधी चुकवली नव्हती.

"टोपलीत मी मावत नाही हो," त्या खिडकीतून ओरडल्या, "नाहीतर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

आता, जिन्याच्या उघड्या बाजूला लाकडात दम उरलेला नाही. म्हणजे नवा कठडा बसवायचा तर भिंतीला. आणि भिंतीवर आहेत चिनीमातीच्या निळ्या फरश्या, आमच्या पणजोबांच्या काळातल्या. त्यांवर खुद्द संत आंतोनी, कडेवर बाळ येशू. मापं घेतली तर एक स्क्रू बरोबर संताच्या नाकात जात होता.

सभा तळमजल्यावरच्या गौदेन्सिओ न्हाव्याच्या दुकानात भरली.

"संताच्या नाकात स्क्रू?" दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर आबीलिओ उसळले. "अहो, जगभरातून लोक येतात या फरश्या बघायला!"

"आपल्या जिन्यात कोण मेलं येतंय?" गौदेन्सिओ म्हणाला. "आणि संतालाच विचारा की! म्हातारीसाठी नाक टोचून घ्यायला तो एका पायावर तयार होईल."

"संताच्या वतीने बोलायला तुम्हाला कुणी नेमलंय?"

"आणि तुम्हाला त्याच्या नाकावर कुणी नेमलंय?"

अशा वेळी एखाद्या सामान्य माणसाने कठडा वीतभर खाली घ्या म्हटलं असतं. मी दोन उपसमित्या नेमल्या: एक कठड्यासाठी, एक नाकासाठी. (बैठका अकरा. त्यांत संपलेली कॉफी अमाप. बसलेले स्क्रू शून्य.) शेवटी मी माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम मजकूर लिहिला: 'ही सभा दोना फेलिझमिना यांच्या खाली येण्याच्या आकांक्षेचा मनःपूर्वक आदर करते, संताच्या नाकाच्या अखंडतेचा पुनरुच्चार करते, आणि या दोन्ही गोष्टी परस्परपूरक ठरतील अशी दृढ आशा व्यक्त करते.'

"वा, राजदूतसाहेब!" गौदेन्सिओ म्हणाला. "म्हणजे कठडा बसणार!"

"बसणार नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही."

"म्हणजे नाक वाचलं!" आबीलिओंनी माझा हात हातात घेतला.

"वाचणार नाही असंही कुठे म्हटलेलं नाही."

मजकूर एकमताने मंजूर झाला. मी तो खिडकीखाली उभा राहून बाईंना वाचून दाखवला.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मग मी खाली कधी येऊ?"

"योग्य वेळी, दोना फेलिझमिना."

"माझ्याकडे वेळ किती उरलाय, काही अंदाज?"

संत आंतोनीची संध्याकाळ आली. गल्लीत पताका लागल्या, धूर झाला, बाजा सुरू झाला. बाईंच्या सन्मानार्थ सभेने शेगडीपाशी एक रिकामी खुर्ची ठेवली होती, तिला रेशमी फीत बांधली होती. त्या खुर्चीला उद्देशून मी चार शब्द बोललो. इंजिनियरांचे डोळे पाणावले. मग सगळ्यात मोठी तारली पावाच्या जाड कापावर ठेवून आम्ही टोपलीतून वर पाठवली.

टोपली तशीच खाली आली. तारली जागच्या जागी.

"अहो, एवढे धडधाकट लोक खाली उभे आहात!" बाई खिडकीतून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "कुणी वर येऊन नुसता हात दिला असता, तर मी केव्हाच उतरले असते."

बाजा थांबला. आबीलिओंनी गौदेन्सिओकडे पाहिलं, गौदेन्सिओने शेगडीकडे, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सूचना विचारार्ह आहे," मी म्हणालो. सवय, दुसरं काय!

"गप रे, तेओतोनिओ," इदालिना म्हणाली. तिने आपला वाइनचा ग्लास माझ्या हातात कोंबला. "लाज वाटायला हवी आपल्याला. मीसुद्धा मेली टोपल्याच भरत बसले." आणि ती जिन्याकडे पळाली.

थोड्या वेळाने दोघी आल्या, हातात हात घालून, एकेक पायरी मोजत, आम्हाला शिव्या घालत. बाईंनी खुर्चीची फीत ओढून फेकली, बसल्या, आणि गरम तारली बोटांनी सोलून खाल्ली. संताच्या नाकाला धक्का लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी सभेने आपल्या प्रयत्नांना यश आल्याबद्दल माझ्या अभिनंदनाचा ठराव केला. मजकूर मीच लिहून दिला.

हसताय ना? हसा. पण वाचताना तुम्ही कुणाच्या बाजूने होतात हो, कठड्याच्या की नाकाच्या? कुठली तरी एक बाजू घेतलीच असणार, शहाणी माणसं घेतातच. चौथ्या मजल्यावर जाऊन हात द्यावा, हे बाईंनी सांगेपर्यंत तुमच्या तरी मनात आलं होतं का? आलं नसेल, तर संकोच करू नका. अध्यक्षपद पुढच्या महिन्यात रिकामं होतंय, आणि तुमच्याइतका लायक माणूस आम्हाला दुसरा मिळायचा नाही.